बीजबँक काढायचीय, पण राहीबाई कुठून आणायच्या? – जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काम करणारी तुमची छोटी टीम आहे, एक कंपनी गावरान बियाण्यांच्या बीजबँकेसाठी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, पैसे द्यायला तयार आहे, पण तिला 'राहीबाईंसारखी', म्हणजे गावरान बी जपून पद्मश्री मिळवलेल्या राहीबाई पोपेरेंसारखी, कुणी आदिवासी महिला पुढे दिसायला हवीय. मग अशी बाई तयार कशी करायची, बँक उभी कशी करायची, आणि हायब्रीडच्या जमान्यात हे सगळं टिकतं का. मी बरीच वर्षं सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात बियाण्यांचंच काम करतेय, अकोले, जुन्नर आणि तुमच्याकडचा जव्हारचा भागही थोडाफार बघितलाय, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते, लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, बाई 'तयार' करायची नसते. तुमच्या पाड्यांवर ती आत्ता आहे आणि तिच्या घरात आत्ता पाच-सहा वाण गाडग्यात, फडक्यात बांधलेले आहेत. तुम्ही फक्त अजून तिच्या चुलीपर्यंत गेलेला नाहीत, अंगणात सतरंजीवर मीटिंग घेऊन परत आलात, एवढंच.

राहीबाईंचंच बघा ना. राहीबाई सोमा पोपेरे, गाव कोंभाळणे, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर म्हणजे आधीचा अहमदनगर. महादेव कोळी समाजाच्या, शाळेत कधी गेल्या नाहीत. जमीन सात एकराच्या आसपास पण पिकत होती जेमतेम तीन, बाकी माळ. पावसाळ्यात शेती आणि उरलेलं वर्ष अकोल्याच्या साखर कारखान्यावर मजुरी, हे त्या भागातल्या शेकडो घरांचं चित्र होतं आणि त्यांच्या घराचंही तेच. बियाणं जपणं त्यांनी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलं नाही, ते माहेरात, बापाकडून आलं. 'जुनं ते सोनं' असं वडील म्हणायचे असं त्या स्वतः सांगतात. मग नातू आजारी पडला, त्यांच्या मनाने घेतलं की हे फवारलेल्या भाजीमुळेच, आणि तिथून घरचंच बी, घरचीच भाजी हा हट्ट सुरू झाला, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच कारण प्रत्येक बातमीत तो येतो.

बातमीत जे येत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. बायफ ही ग्रामविकासाचं काम करणारी संस्था त्या भागात आली तेव्हा राहीबाईंकडे बी आधीच होतं. संस्थेने काय केलं, तर त्यांना पाणी साठवायचं तंत्र दिलं, शेततळं आणि जलकुंड, त्यावर दोनेक एकर पडीक जमीन भाजीपाल्याखाली आली. भाताची चारसूत्री लागवड, म्हणजे चार सूत्रांची सुधारित पद्धत, दिली, त्यातून उत्पादन 30 टक्क्यांच्या आसपास वाढलं असं नोंदलं गेलंय. कोंबड्या दिल्या. रोपवाटिका दिली. म्हणजे आधी पोट, मग बी. वालाची रोपं तयार करून आजूबाजूच्या सात गावांतल्या 210 शेतकऱ्यांना वाटली, साधारण 5000 रोपं, तेव्हा त्यांच्या दारावर ना कॅमेरा होता ना बोर्ड. बचत गट उभा राहिला, चेमदेवबाबा महिला बचत गट, आणि त्यातून पुढे कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती. सुरुवातीला 17 पिकांचे 43 वाण असा आकडा सगळीकडे छापून यायचा, पुढे तो शंभराच्या वर गेला. डॉ. माशेलकरांनी 'सीड मदर' म्हटलं, ते लोकांनी 'बीजमाता' करून टाकलं, 2018 ला बीबीसीच्या 100 महिलांच्या यादीत नाव आलं, मार्च 2019 मध्ये नारी शक्ती पुरस्कार, जानेवारी 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि कोविडमुळे ती प्रत्यक्ष हातात पडली नोव्हेंबर 2021 मध्ये.

हा क्रम तुमच्या कंपनीच्या साहेबांना एकदा नीट सांगा. आधी बी, मग पाणी आणि पोट, मग बायांचा गट, मग शेजारची गावं, आणि नाव सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे हा क्रम उलटा चाललाय, म्हणून प्रश्न अवघड वाटतोय.

बरं, मग ती बाई शोधायची कशी. माझी पद्धत अगदी साधी आहे. मे महिन्यात पाड्यावर जायचं, मीटिंग लावायची नाही, घरोघर बसायचं आणि एकच विचारायचं, 'या वर्षी तुमचं बी खराब झालं तर तुम्ही कुणाकडं मागायला जाल?' दहा घरं झाली की दोन-तीन नावं परत परत यायला लागतात. बहुतेक वेळा ती पन्नाशीच्या पुढची बाई असते, पुष्कळदा एकटी किंवा विधवा, बोलायला फटकळ, बचत गटाची अध्यक्ष नसते, सरपंचाच्या घरातली नसते आणि तुमच्या मीटिंगला कधी आलेलीही नसते कारण तेव्हा ती रानात असते. तिच्याकडे बसा. 'हे कधी पेरता, कुठल्या शेतात, का' एवढंच विचारत राहा. दोन तासांत कळेल की या बाईच्या डोक्यात अख्ख्या शिवाराचा नकाशा आहे.

म्हणजे काय ते सांगते, कारण हे शहरातून आलेल्या टीमला पटकन लक्षात येत नाही. भात म्हणजे एक पीक नाही. हळवं, निमगरवं आणि गरवं, म्हणजे लवकर, मध्यम आणि उशिरा तयार होणारं, असे तीन हिशोब असतात. वरच्या अंगाची उथळ, लवकर सुकणारी शेतं असतात तिथं हळवं भात लावायचं, सप्टेंबरअखेर पाऊस आवरला तरी ते पदरात पडतं. खाली ओढ्याजवळच्या खाचरात पाणी उशिरापर्यंत थांबतं तिथं गरवं, ते दिवाळीनंतर कापायला येतं पण चवीला, वासाला, पेंढ्याला तेच. वरकस उतारावर नागली, वरई आणि फेरपालटाला खुरासणी, म्हणजे कारळे. कुडाला, झाडावर वाल-घेवडा चढवायचा, सांडपाण्यावर दोडका, दुधी, डांगर, मिरची. यातला प्रत्येक वाण एकेका कोपऱ्यासाठी आहे. पाऊस जूनमध्ये वेळेवर आला नाही तर बाई गरव्याचं प्रमाण कमी करून हळवं वाढवते, आणि ते तिला तेव्हाच जमतं जेव्हा घरात दोन्ही बी असतं. दुकानातून हायब्रीडची एकच बॅग आणली की हा पर्याय गेला. हवामान बदलाशी जुळवून घेणं वगैरे प्रपोजलमध्ये आपण लिहितो ना, ते हेच, वेगळं काही नसतं.

आणि हे ज्ञान बहुतांशी बायांकडे का, तर कामाची वाटणीच तशी आहे. नांगर पुरुषाचा पण बी निवडणं, वाळवणं, साठवणं, परसबाग आणि काय शिजतं काय नाही हे बाईचं. भात पाखडताना, भरडताना, शिजवताना तिला कळतं की याची कणी होते, हे भाकरीला चिवट आहे, हे बाळंतिणीला चांगलं. कृषी खात्याच्या फॉर्ममध्ये मात्र 'शेतकऱ्याचे नाव' इथे नवऱ्याचं नाव येतं कारण सातबारा त्याच्या नावावर. इथे तुमच्या भागात एक फायदा आहे, तो घ्या. वनहक्क कायदा 2006 खाली मिळालेले वनपट्टे कायद्यानेच नवरा-बायको दोघांच्या संयुक्त नावावर असतात. ज्या घरांना पट्टे मिळालेत तिथल्या बाईला अर्जावर शेतकरी म्हणून उभं करायला तोच कागद लावा. बीजबँकेच्या समितीचं बँक खातंही बायांच्याच सहीचं ठेवा, 'प्रतिनिधी' म्हणून कुणाचा भाऊ-दीर नको. नेतृत्व नेतृत्व म्हणतो ते बऱ्याचदा चेकबुकवर सही कुणाची एवढ्यावर येऊन थांबतं, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय.

आता बँक. कंपनीला इमारत बांधायची असणार, उद्घाटनाला फीत कापायला मिळते ना. तुम्ही पहिली दोन वर्षं इमारत टाळा. बीजबँक ही खोली नाहीये, ती भिशीसारखी आहे, फिरत राहिली तर आहे, थांबली की संपली. बी हे जिवंत असतं आणि ते म्हातारं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत साध्या खोलीत ठेवलेलं भात-नागलीचं बी एका-दोन वर्षांत उगवणीला उतरायला लागतं, कडधान्यं आणि खुरासणीचं त्याहून बेभरवशाचं. त्यामुळे काचेच्या बरण्यांमध्ये लेबल लावून दोनशे वाण मांडले आणि त्यातले पेरले वीस, तर बाकीचे एकशेऐंशी हे प्रदर्शन आहे, बँक नाही. प्रत्येक वाण दरवर्षी निदान तीन घरांच्या शेतात उभा असला पाहिजे. एका घरी डुकरांनी खाल्लं, दुसऱ्याकडे पुरात गेलं, तरी तिसऱ्याकडे राहतं.

देवाणघेवाणीचा नियम जुनाच ठेवा, एक किलो न्यायचं आणि काढणीनंतर दोन किलो परत आणायचं. काही ठिकाणी दीडपट असतं. किती हे गावातल्या बायांनी ठरवावं पण पैशात नाही, बियाण्यातच. आणि ज्याचं पीक खरंच गेलं त्याला पुढच्या वर्षापर्यंत सूट असं आधीच लिहून ठेवा नाहीतर पहिल्याच वाईट वर्षी लोक लाजेने तोंड चुकवायला लागतात आणि बँक तिथंच बंद पडते. नोंदवही हवीच, त्यात वाणाचं तिथलं नाव, कुणाकडून आला, हळवा की गरवा, कुठल्या शेतात, कोण घेऊन गेलं, किती परत आलं. लिहायला एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी जोडून द्या, ठरवायचं काम आजीचं. याच नोंदी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवहीतही, म्हणजे गावातल्या जिवंत संपत्तीच्या नोंदवहीतही, जाऊ द्यात. बऱ्याच गावांत ती नोंदवही एजन्सीने टेबलावर बसून भरलेली असते हे तुम्हाला ठाऊकच असेल, तर तुमची खरी माहिती तिथं जाणं कामाचं आहे.

तांत्रिक भागावर जरा थांबते, कारण संस्था इथं सगळ्यात जास्त घसरतात. भावनेने 'गावरान गावरान' करतात आणि तीन वर्षांत सगळ्या वाणांची खिचडी झालेली असते.

बी निवडायचं उभ्या पिकात, खळ्यावरच्या ढिगातून नाही. ढिगात दाणा दिसतो पण झाड दिसत नाही. भात कापणीच्या आधी बाई शेतात शिरते, मधल्या भागातून, बांधाकडेच्या दोन-तीन ओळी सोडून, सारख्या उंचीच्या, न लोळलेल्या, रोग नसलेल्या झाडांच्या भरदार लोंब्या खुडून वेगळ्या बांधते. बांधाकडेची झाडं का नाही, तर त्यांना जागा आणि खत जास्त मिळतं म्हणून ती उगाच दणकट दिसतात. आणि चार-पाच सुंदर लोंब्यांवर खूश होऊन थांबायचं नाही, शे-दीडशे झाडांमधून घ्यायचं, कारण गावरान वाणाची ताकद त्याच्यातल्या थोड्याथोड्या फरकातच असते. अगदी एकसारखं केलं तर ती ताकद आपणच काढून टाकतो. फुलोऱ्यात एकदा आणि पक्वतेला एकदा भेसळ काढायची, म्हणजे वेगळ्या उंचीची, वेगळ्या रंगाच्या कुसळाची झाडं उपटायची. खळ्यावर एका वाणाची मळणी झाली की खळं झाडून, सारवून मगच दुसरा वाण, आणि पोती उलटी करून झटकायची. निम्मी भेसळ पोत्यातून येते.

भात, नागली, वरई ही स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे तीन मीटर अंतर ठेवलं तरी भागतं. वाल बराचसा तसाच, पण मधमाश्या-भुंगे थोडी गडबड करतात म्हणून दोन वेगळे वाल एकाच मांडवावर चढवू नका. खुरासणी मात्र मधमाश्यांशिवाय भरतच नाही. खरी कटकट वेलवर्गीय भाज्यांची. काकडी, दुधी, दोडका, डांगर यांना प्रमाणित बियाण्यासाठी पाचशे मीटर अंतर सांगतात आणि पाड्यावर घरं असतात वीस पावलांवर! मग दोन उपाय. एक, पूर्ण पाड्याने मिळून ठरवायचं की आपल्या पाड्यावर दुधी हीच एक, पलीकडचा पाडा दुसरी लावेल. हे फक्त गटालाच जमतं, एकट्या बाईला नाही, आणि म्हणूनच मी 'एक नायिका' या कल्पनेवर चिडते. दुसरा, हाताने परागीकरण, उद्या उमलणारी नर आणि मादी कळी आज दोऱ्याने बांधायची, उमलायच्या वेळी उघडून पराग लावायचा आणि परत बांधून फळाला खूण करायची. डांगर आणि काकडी सकाळी उमलते, दुधी आणि दोडका संध्याकाळी, तेवढं लक्षात ठेवा. पोरींना हे काम फार आवडतं, असा अनुभव आहे.

साठवणुकीला जुन्या पद्धती चांगल्या आहेत पण त्यांच्याही पायऱ्या आहेत. सगळ्यात मोठा शत्रू ओल. बियाण्यातली ओल एक टक्क्याने कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुपटीने वाढतं असा बियाणेशास्त्रात ठोकताळा आहे. भाताला 13 टक्क्यांच्या आत, कडधान्यांना 9 च्या आत हवी. मीटर नसेल तर दाताखाली धरा, कट् असा आवाज होऊन तुटला तर वाळलं, दबला तर नाही. वाळवायचं सकाळच्या उन्हात सारवलेल्या जमिनीवर, भर दुपारी पत्र्यावर नको. मग कडधान्यात चाळलेली राख, कडुनिंबाचा पाला, बाहेरून शेणामातीने लिंपलेली कणगी किंवा मडकं, तोंड बंद. चुलीच्या वर धुरात टांगलेला दुधी, दोडका हे उत्तम, कीड जवळ येत नाही. गॅस आल्यापासून ती सोय गेलीय, आणि धुरात बसून बाईने खोकत राहावं असं कुणी म्हणणार नाही, तेव्हा घट्ट झाकणाचे डबे आणि भरपूर सुकी राख यावर या. इथं कंपनीचे पैसे खरे कामाला येतात, डबे, ताडपत्र्या, एक ओलावा मीटर, तागाची चांगली पोती.

पेरणीच्या आधी मे महिन्यात उगवण तपासायची. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, भाताचे आठवड्याभरात ऐंशीच्या वर उगवले तर बी दुसऱ्याला द्यायला लायक. साठ उगवले तर घरच्याने जास्तीचं पेरावं पण बँकेतून ते बाहेर जाऊ देऊ नका, कारण एकदा एखाद्याचा रोपांचा वाफा फसला की वर्षानुवर्षं लोक 'बँकेचं बी फसवं' म्हणतात. भाताचं बी राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकायच्या आधी मिठाच्या पाण्यातून काढायचं, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ, तरंगलेलं पळंज, म्हणजे पोकळ दाणे, फेकायचं आणि बुडालेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन घ्यायचं.

हायब्रीडपुढे टिकतं का, हा तुमचा तिसरा प्रश्न. खरं उत्तर, सगळं टिकत नाही आणि टिकवायचा अट्टहासही करू नका. चांगल्या जमिनीत, खत-पाणी असेल तिथं संकरित भात किलोच्या हिशोबात पुढे जातं, हे लपवायचं कशाला, शेतकऱ्याला ते दिसतं आणि आपण खोटे पडतो. पण तुलना करताना एक अन्याय होतो बघा, हायब्रीड लावतात सगळ्यात चांगल्या खाचरात, ओळीत, खत घालून, आणि गावरान लावतात उरलेल्या जागेत, दाटीवाटीने, आणि मग म्हणतात उतारा कमी. राहीबाईंकडे चारसूत्रीने काय झालं? बी जुनंच राहिलं, लावायची पद्धत बदलली, रोपं नियंत्रित अंतरावर, पेंढ्याचा आणि गिरिपुष्पाच्या पाल्याचा वापर, आणि तिथं फरक पडला. त्याच्या जोडीला पेंढा धरा, उंच गावरान भाताचा पेंढा गुरांना आणि शाकारायला पुरतो, बुटक्या वाणाचा नाही. दरवर्षी बी विकत घ्यायचा खर्च धरा, संकरिताचं घरचं बी पेरलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत. काळभात किंवा आंबेमोहरासारख्या वासाच्या भाताला बाजारात जास्त भाव मिळतो तो धरा. काळभात उंच वाढतो आणि लोळतो, हेही धरा. सगळं मांडून बायांना ठरवू द्या. बहुतेक घरं शेवटी अर्ध्या शेतात हे आणि अर्ध्यात ते असं करतात आणि ते शहाणपणाचंच आहे.

परसबागेत मात्र गावरान सहज जिंकतं. तिथं खर्च नाही, बाजार नाही, बाईला कुणाला विचारायचं नाही, आणि मुलांच्या ताटात भाजी येते. म्हणून सुरुवात परसबागेपासून करा, दहा-बारा भाज्यांच्या बियाण्यांची छोटी पाकिटं, गटाने भरलेली. अकोल्यातही भाजीपाल्याच्या बियाण्यांचे असे संच हे गटाच्या कमाईचं एक साधन झालंय.

विकायचा विषय निघालाय तर कायद्याचं थोडक्यात. 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्याच्या कलम 39 प्रमाणे शेतकरी स्वतःचं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो, फक्त संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदवलेल्या, वाणाचं बी ब्रँडखाली विकता येत नाही. शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्याला नोंदणी फी नाही. अर्ज समूहाच्या नावाने करा, एका बाईच्या नावाने नको, तो वाण तिचा एकटीचा नसतो आणि उद्या पाड्यात भांडण लागतं. याच कायद्याखाली दरवर्षी वनस्पती जनुक संवर्धक समुदाय पुरस्कार असतो, दहा लाखांचा, तो समुदायालाच मिळतो. शिवाय महाराष्ट्र जनुक कोश हा राज्याचा प्रकल्प आहे, 2022 मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी 172.39 कोटी मंजूर केले. तिथं आणि दिल्लीच्या एनबीपीजीआरकडे, म्हणजे पिकांची जनुकं जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, तुमच्या वाणांचे नमुने सुरक्षा म्हणून ठेवता येतील का याची चौकशी करा, पण गावसभेचा ठराव करून, नोंद आणि पावती घेऊन, असेच कुणा संशोधकाच्या पिशवीत घालून देऊ नका. पाड्यावर येऊन 'आजी, थोडं सॅम्पल द्या' म्हणणारे खूप असतात.

आता कंपनीची ती अट, चेहरा दिसला पाहिजे. बघा, मला राहीबाईंच्या प्रसिद्धीबद्दल काही तक्रार नाहीये, उलट त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी बायांनी पहिल्यांदा घरात ठणकावून सांगितलं की माझं बी फेकायचं नाही. पद्मश्रीच्या त्याच यादीत कर्नाटकातल्या हालक्की समाजाच्या तुळशी गौडाही होत्या, अंकोल्याच्या, आयुष्य वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीत गेलं, कुठल्या झाडाचं बी कधी गोळा करायचं हे तोंडपाठ, अनवाणी पद्मश्री घ्यायला गेल्या, डिसेंबर 2024 मध्ये वारल्या. ओडिशाच्या कोरापूटच्या कमला पुजारी, परजा समाजाच्या, शंभरेक भाताचे वाण राखले, 2019 ची पद्मश्री, त्याही जुलै 2024 मध्ये गेल्या. मध्य प्रदेशात दिंडोरीच्या बैगा समाजातल्या लहरीबाई, तरुण आहेत, घरातल्या मातीच्या कोठ्यांमध्ये भरडधान्यांचे दीडशेच्या वर वाण, त्याही बी देतात आणि पिकल्यावर परत घेतात. यातलं कुणीही 'चेहरा' म्हणून निवडलेलं नव्हतं. आणि कोरापूटमध्ये कमलाताईंच्या मागे स्वामिनाथन फाउंडेशन होतं, कोंभाळण्यात बायफ होतं, म्हणजे बाईचं ज्ञान आणि संस्थेची चिकाटी दोन्ही पाहिजे. संस्थेचं काम मागे राहून हिशोब, वाहतूक, तपासणी, कागदपत्रं बघायचं. स्टेजवर संस्थेचा माणूस माईक धरून आजीच्या वतीने बोलतो ना, ते फार वाईट दिसतं. आजी तिच्या बोलीत बोलेल, वारली बोलेल, कोकणी बोलेल, लोक समजून घेतील.

आणि नाव झाल्यावर काय होतं याचीही तयारी ठेवा. पाहुणे यायला लागतात, कॉलेजच्या बस येतात, व्हिडिओवाले येतात, ऐन लावणीत. बाई चहा करण्यात आणि तीच गोष्ट सांगण्यात अडकते, तिच्या शेतात मजूर लावायला लागतात आणि गटातल्या बाकीच्यांच्या मनात 'हिचंच काय ते' सुरू होतं. यावर आधीच नियम करा. भेटीचा वार ठरलेला, भेटीची फी गटाच्या खात्यात, माहिती सांगायला आळीपाळीने वेगळी बाई, जून-जुलै आणि कापणीच्या दिवसांत भेट बंद. कंपनीला सांगा फोटोत किमान दहा बाया पाहिजेत. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण फोटोत कोण कोण आलं यावरून गट फुटलेले मी बघितलेत.

दुसरी गोष्ट, बाईचा दिवस. पाणी, लाकूड, रान, स्वयंपाक, मजुरी आणि त्यात आपण 'संवर्धन' टाकतो, तेही फुकट, सेवा म्हणून. तुमच्या बजेटमध्ये बी निवडणाऱ्या, वाळवणाऱ्या, उगवण तपासणाऱ्या बायांच्या मजुरीची ओळ आहे का? कृषी अधिकाऱ्याला पगार मिळतो, मला मिळतो, मग तिलाच का नाही. ती ओळ नसेल तर प्रपोजल परत पाठवा, आणि ती टाकायला कंपनी तयार नसेल तर असा पैसा घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, बीजबँक डब्यांवर आणि राखेवर कमी पैशातही चालते.

तुम्हाला आत्ता लगेच काय करायचं ते सांगते. मेमध्ये घरोघर फिरून कोणाकडे काय बी आहे त्याची यादी, ते मागायला कुणाकडे जातात त्याची नावं. पावसाआधी एका पाड्यावर बी बघायला-द्यायला सगळ्या बाया एकत्र, जेवण तिथल्याच धान्याचं. पहिल्या खरिपात दोन-तीन भाताचे वाण, एक नागली आणि परसबागेची पाकिटं, जास्त नको. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उभ्या पिकात शेजारच्या पाड्यांच्या बायांना घेऊन शिवारफेरी, कुठलं ठेवायचं ते त्यांनीच निवडायचं. डिसेंबरात परतफेड आणि नोंदी. इमारतीचे पैसे तिसऱ्या वर्षात टाकून घ्या, तोपर्यंत बी कुणाच्या घरात ठेवायचं ते बायाच सांगतील. कंपनी मार्चअखेर खर्च दाखवायला मागेल, तेव्हा ताडपत्र्या, डबे आणि मजुरी आधी घाला. तुमच्याकडे कुठल्या पाड्यांवर काय पेरतात आणि किती घरांना वनपट्टे मिळालेत ते कळवा, मग पहिल्या वर्षाला कुठले वाण घ्यायचे त्यावर नीट बोलता येईल.